एका लकी कॅल्क्युलेटरची धास्ती

मी एक जुना सायंटिफिक कॅल्क्युलेटर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी पक्का भित्रा आहे. यंत्रानं भिऊ नये म्हणतात. पण ज्याचं सगळं आयुष्य इंजिनिअरिंगच्या पोरांच्या घामेजल्या तळहातात गेलं, त्यानं दुसरं काय व्हावं? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशातली माझी गत. माझ्या झाकणाला तडा गेलाय, आठाच्या बटणावरचा आकडा पुसलाय, आणि कोपऱ्यात कुणीतरी चिकटवलेल्या सोनेरी चांदणीचा आता नुसता डाग उरलाय. त्या चांदणीनंच माझा घात केला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला जाग आली ती मीरा रोडच्या एका स्टेशनरीच्या दुकानात. "बेन, यही ले जाओ, इंजिनिअरिंगवाले सब यही लेते हैं," असं म्हणून दुकानदारानं मला संध्याच्या हातात ठेवलं. संध्या सिल्व्हर पार्कात राहायची. हुशार आणि फटकळ. घरी नेल्या नेल्या तिनं माझ्यासोबतचा घडीचा कागद वाचला आणि मला 'रेडियन'वर लावलं.

हे रेडियन प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून आहे. कोन मोजायची दोन मापं असतात, डिग्री आणि रेडियन. कापड जसं पूर्वी वारानं मोजत आणि आता मीटरनं मोजतात, तसंच. शाळेत डिग्री चालते, इंजिनिअरिंगच्या गणितात बहुतेक वेळा रेडियन लागतं. मी कुठल्या मापावर आहे हे माझ्या काचेच्या वरच्या काठाला एका बारक्या अक्षरात दिसतं. रेडियन असेल तर आर, डिग्री असेल तर डी. मला चुकीच्या मापावर लावलंत तर माझं मोजणं चुकत नाही, पण शिवलेला ब्लाउज कुणाला बसत नाही.

संध्याचे दिवस सुखाचे होते. ती मला कामापुरती हातात घ्यायची, काम झालं की झाकण लावून बाजूला ठेवायची. गणिताचे चारही पेपर ती पहिल्या फटक्यात पास झाली, नोकरी लागली, पुण्याला गेली. जाताना तिनं मला खालच्या मजल्यावरच्या समाधानला दिलं.

समाधानची तीन गणितं राहिली होती. एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देतात आणि तो मागाहून काढावा लागतो, त्याला ही पोरं केटी म्हणतात. समाधाननं उन्हाळाभर वाचनालयात बसून तिन्ही केट्या एकदम काढल्या. आता, अभ्यासाचं श्रेय कुणी अभ्यासाला देतं का? ते आलं माझ्या वाट्याला. कॉलेजात बोभाटा झाला की समाधानचं मशीन लकी आहे. मग मी या हातातून त्या हातात फिरू लागलो. कुणी माझ्यावर नारळाचं पाणी शिंपडलं, कुणी ती चांदणी चिकटवली. आणि सगळ्यांनी मिळून एक नियम केला: लकी मशीनच्या सेटिंगला हात लावायचा नाही. संध्यानं जसं लावलंय तसंच राहू द्यायचं. त्यामुळे झालं काय, की माझ्यावर पेपर लिहिणाऱ्या पोरांपैकी मी नेमका कशावर लावलेला आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मान मिळाला की माणूस फुगतो, तसा मीही फुगलो होतो. कुणी काही विचारत नव्हतं याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

मग मी त्याच इमारतीतल्या मिनलकडे आलो.

मिनलचे वडील नागोराव मूळचे परभणीकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश खात्यावर सुपरवायझर. आई वैजयंता बेव्हर्ली पार्कातल्या एका दवाखान्यात केसपेपर करते. त्यांच्या दोन्ही घराण्यांत इंजिनिअरिंगला गेलेलं पहिलं लेकरू म्हणजे मिनल. नागोराव ही गोष्ट रिक्षावाल्याला सांगत, भाजीवाल्याला सांगत, विहारात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "आमची मिनल इंजिनिअर व्हायलीय." मिनल शेजारी उभी असली की चपलेकडे बघायची.

कारण मिनलला गणिताची भीती वाटायची. साधीसुधी नाही. पेपर समोर आला की तिच्या पोटात कळ यायची, अक्षरं कागदावरून सरकायला लागायची, आणि घरी स्वयंपाकघरात बसून सहज सोडवलेलं गणित जणू कधी पाहिलंच नव्हतं असं व्हायचं. सातवीत एकदा तिला फळ्यावर बोलावलं होतं, खडू हातात घेऊन ती तशीच उभी राहिली, आणि वर्ग हसला. ते हसणं तिच्या कानातून गेलं नाही. पुढे तिनं युक्ती काढली. गणितं समजून न घेता पाठ करायची. बारावीपर्यंत ते खपलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एम-टू नावाचं गणित आलं आणि पाठांतर गडगडलं. त्या पेपरात तिला जे येत होतं तेही तिनं खोडलं, हे चुकलंच असणार म्हणून. केटी लागली. दुसऱ्यांदा बसली, पुन्हा तेच.

आता ही शेवटची खेप होती. पहिल्या वर्षाचं गणित निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही. राहिलं तर वर्ष घरी.

समाधाननं मला तिच्या हातात दिलं ते जिन्यात. "हे घे. माझ्या तिन्ही केट्या यावर निघाल्यात. टेन्शन नको घेऊ. फक्त सेटिंगला हात नको लावू हां."

"काय सेटिंग आहे दादा?"

"काय माहीत. लकी आहे ना, बस."

तिनं मला कपाळाला लावलं. मित्रांनो, तिच्या कपाळाला दरदरून घाम फुटला होता. आजवर पोरांनी माझ्यावर भरवसा टाकला होता, पण या मुलीनं स्वतःवरचा सगळा भरवसा काढून माझ्यावर ठेवला होता. मी पावशेर वजनाचासुद्धा नाही हो.

त्या दिवसापासून ती मला विचारल्याशिवाय काही करेनाशी झाली. सहा साते बेचाळीस तिला माहीत होतं, पण माझ्या काचेवर उमटल्याशिवाय ते तिला खरं वाटत नसे. घाबरली की ती मला उगीचच काहीबाही विचारायची. पाच दुणे. नऊ नव्वे. मी उत्तर द्यायचो आणि तिचा श्वास थोडा खाली बसायचा. एरवी कुणी असं केलं असतं तर मी हसलो असतो. तिच्या बाबतीत मला हसू आलं नाही. मला वाटायचं, बाई गं, हे तुझं तुला येतंय, मला कशाला विचारतेस?

एकदा जेवायला बसण्याआधी ती मला कपाळाला लावत असताना नागोरावांनी पाहिलं.

"आपल्या घरात हे कधीपासून सुरू झालं?"

"पप्पा, लकी आहे ते."

"लकीबिकी काही नाही त्यात. सेल आहे. सेल संपला का संपलं त्याचं लक," नागोराव म्हणाले. "अभ्यास तू केलास. त्यानं केला का?"

त्यांचं म्हणणं खरं होतं आणि मला ते लागलंही. पण पुढे त्यांनी जोडलं, "आणि गणिताला काय भ्यायचं? आकडे काय चावतात का?"  मिनलला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. आकडे चावत नाहीत. मग आपल्यालाच का चावतात, हा प्रश्न तिनं कुणापुढे काढला नाही. ती ताट तसंच ठेवून उठली, वैजयंताबाई त्या ताटाकडे बघत राहिल्या.

पेपरच्या दिवशी घोडबंदर रस्त्यानं बसमधून जाताना तिनं मला पिशवीत न ठेवता मुठीत धरलं होतं. मी ओला झालो होतो. हॉलमध्ये पंखे गरगरत होते. प्रश्नपत्रिका अजून वाटल्या नव्हत्या. तेवढ्यात पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापले कॅल्क्युलेटर रीसेट करा. मागच्या वेळी कुणीतरी आत आकडे साठवून आणले होते. मी स्वतः बघणार आहे."

रीसेट म्हणजे माझं सगळं पुसून मला कारखान्यातून निघालो तसा करणं. आणि कारखान्यातून मी डिग्रीवर निघालो होतो. मला हे माहीत होतं. हॉलमध्ये मला एकट्यालाच माहीत होतं.

बाई मिनलच्या बाकाशी आल्या. मिनलनं मला दोन्ही हातांनी झाकलं.

"मॅडम, प्लीज, हे नको ना. याचं सेटिंग जाईल."

"कसलं सेटिंग?"

मिनलचे ओठ हलले. "माहीत नाही, मॅडम."

"माहीतच नाही, तर जाऊन बिघडणार काय?"

बाई वाईट नव्हत्या, त्यांचं काम करत होत्या. त्यांनी मला उचललं, बटणं दाबली. माझी काच कोरी झाली, आणि वरच्या काठावर संध्यापासून बसलेला आर जाऊन तिथे डी आला. बाई पुढच्या बाकाकडे गेल्या. मी बाकावर पडून त्या डीखाली थरथरत होतो. थरथरत होतो म्हणजे काय, मी जागचा हललोसुद्धा नाही. आम्हाला तेवढंही करता येत नाही.

पहिला प्रश्न बरा होता, कोनांचं काम नव्हतं. तिचं आणि माझं उत्तर जुळलं. तिनं हळूच माझ्या चांदणीवर बोट फिरवलं. मग आलं एक इंटिग्रेशन, त्यात साइन आणि कोसाइन. मिनलनं ते हातानं पायरी पायरीनं सोडवलं. शप्पथ सांगतो, सुरेख सोडवलं. उत्तर आलं एक. ते अगदी बरोबर होतं. मी मनात म्हणालो, बाई, आता पुढे जा. मला विचारू नकोस.

तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, दीडच्या वर.

तिनं पुन्हा बटणं दाबली. मी पुन्हा तेच म्हणालो. मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. तिनं स्वतःच्या पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या सुरेख पानावर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ मारली. मला ओरडायचं होतं. अगं, तू बरोबर आहेस, माझ्या डोक्यावर काय लिहिलंय ते बघ. पण ज्याला आवाज दिलेला नाही त्यानं कितीही ओरडलं तरी काय उपयोग.

पुढचं गणितही तसंच. हाताचं उत्तर बरोबर, माझं भलतंच, आणि पानावर तिरकी रेघ. तिसरंही तसंच. घड्याळ पुढे चाललं होतं आणि तिची उत्तरपत्रिका खोडलेल्या बरोबर उत्तरांनी भरत होती. मी माझ्या जन्मात अनेक मुलांना नापास होताना पाहिलंय. पण गणित येणाऱ्या मुलीला माझ्यामुळे नापास होताना बघायची ही पहिलीच वेळ होती, आणि मी तिच्या डोळ्यांसमोर उघडा पडून ते करत होतो.

मग ते सुरू झालं ज्याची तिला सगळ्यात जास्त धास्ती होती. श्वास वर वर व्हायला लागला. बोटं गार पडली. अक्षरं सरकायला लागली. तिनं पेनाला टोपण घातलं, पाण्याची बाटली आवरली आणि हात वर केला.

"मॅडम, मला जायचंय."

"पेपर देऊन जायचं असेल तर जा. परत आत घेणार नाही. चालेल?"

मिनल उठली नाही, बसलीही नाही, अर्धवट वाकून राहिली. दुसरीकडे कुणीतरी बाईंकडे पुरवणी मागितली म्हणून त्या तिकडे वळल्या. तेवढ्यात तिचं बोट सवयीनं माझ्यावर आलं. पाच दुणे. मी म्हणालो, दहा. नऊ नव्वे. एक्क्याऐंशी. ती असंच करायची, बुडणारा काठाला हात लावतो तसं. मग तिनं तिला अगदी पक्कं पाठ असलेलं आणखी एक विचारलं. साइन पाय. पाय म्हणजे रेडियनच्या मापात अर्ध्या वर्तुळाचा कोन; त्याच्या साइनचं उत्तर शून्य असतं हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

मी म्हणालो, ०.०५४८.

ती बघत राहिली. मी इतका घाबरलो होतो, की विचारू नका. मला वाटलं, आता ही साइन पायसुद्धा खोडणार. हिला आता स्वतःचं नावही खरं वाटणार नाही.

"शून्य असतं," ती पुटपुटली. शेजारच्या बाकावरच्या मुलानं वळून पाहिलं. ती खाली बसली. "साइन पाय शून्यच असतं."

मित्रांनो, जन्मभर मी पोरांच्या परीक्षा पाहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझी परीक्षा घेतली आणि मला नापास केलं. तिनं मला डोळ्यांजवळ नेलं, माझ्या काचेच्या काठावरून नजर फिरवली आणि ती तो डी वाचत राहिली. तो बदलायचा कसा हे तिला येत नव्हतं, नियमच तसा होता ना हात न लावण्याचा. नुसते गुणाकार-भागाकार मी डीवरही बरोबर केले असते. पण तिनं मला विचारलंच नाही. तिनं मला बाकावर पालथं ठेवलं.

पालथा पडल्यावर मला फक्त लाकूड दिसत होतं. पेनाचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. प्रत्येक वेळी आवाज थांबला की मी धास्तावायचो, आता ही खोडणार. खोडलेली उत्तरं ती पुन्हा लिहीत होती की नवी सोडवत होती, काही कळत नव्हतं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हाही ती लिहीत होती. बाईंनी पेपर तिच्या हाताखालून ओढून घेतला.

घरी नागोराव आज लवकर आले होते. "कसा गेला?"

मिनल दर वेळी 'बरा' म्हणायची. या वेळी ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मला गणिताची खूप भीती वाटते. आजची नाही. शाळेपासूनची. पेपर हातात आला की मला काहीच दिसत नाही."

 पिशवीच्या कप्प्यातून मी सगळं ऐकत होतो.

"मग आधी काहून नाही सांगितलंस, माय?"

"तुम्ही सगळ्यांना सांगता ना, आमची मिनल इंजिनिअर होणार म्हणून. मग मी कसं सांगू?"

नागोराव खुर्चीवर टेकले. "मला वाटायचं त्यानं तुला हुरूप येतो," ते म्हणाले. "आकडे चावत नाहीत म्हणालो तेही चुकलंच माझं. चावत असतील. मला काय ठाऊक, मी कुठं त्यांच्याजवळ गेलो?"

वैजयंताबाईंनी तिला आत नेलं आणि जवळ बसून जेवू घातलं. बऱ्याच दिवसांनी ताटलीवर चमच्याचा आवाज शेवटपर्यंत आला.

निकाल लागला. मिनलची केटी निघाली. फार मार्क नव्हते, पण तिसऱ्या वर्षाचं दार उघडलं. समाधान पेढे खायला वर आला आणि त्यानं माझ्या झाकणावर टिचकी मारली. "बघ, म्हटलं नव्हतं? लकी आहे ते."

"दादा, निम्मा पेपर ते बाकावर पालथं पडलं होतं," मिनल म्हणाली.

समाधान हसला. त्याला ती चेष्टा वाटली.

तिची भीती गेली का? छे. पुढच्या वर्षीच्या पेपरलाही तिच्या पोटात कळ येईल. पण आता ती रात्री जेवताना नागोरावांना सांगते, आज क्लासमध्ये काय कळलं नाही ते. त्यांना त्यातलं ओ की ठो समजत नाही. तरी ते ऐकतात, आणि ते गप्प बसून ऐकतात हे तिला पुरतं.

मागच्या आठवड्यात समुद्राकाठच्या चौक गावाहून सुलू नावाची मुलगी मला न्यायला आली. मासेमारी करणाऱ्यांच्या घरातली, पहिल्या वर्षाची, तिचंही एम-टू राहिलेलं. ओढणीचा काठ बोटांभोवती गुंडाळत होती. "ताई, याच्या सेटिंगला हात लावायचा न्हाय ना?"

मिनलनं मला हातात घेतलं आणि तिच्यासमोर रीसेट करून टाकलं. सुलूचा चेहरा पांढरा पडला. मग मिनलनं नखानं ती उरलेली चांदणी खरवडून काढली, मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता तू लाव. कसं लावायचं ते मी दाखवते. आणि बस ना आधी. पेपरला तुझं नेमकं काय होतं ते सांग मला."

मित्रांनो, मला जपा. माझी काच कोरड्या फडक्यानं पुसा, सेल वेळेवर बदला, मला घामात भिजवू नका. आणि पोटात गोळा आला, अक्षरं सरकायला लागली, तर मला कपाळाला लावू नका. मला सगळं ऐकू येतं, पण मला बोलता येत नाही. तुमची भीती अशा कुणाला तरी सांगा, ज्याला बोलता येतं.